डीबगर म्हणतो ‘असं व्हेरिएबल नाहीच’: कुठून तपासायला लागायचं

कोडमध्ये ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल समोर दिसतंय. प्रोग्रॅम कंपाइल होतोय, चालतोयही. पण ब्रेकपॉइंटवर, म्हणजे ठरवलेल्या ओळीवर, थांबवून डीबगरला (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघू देणाऱ्या हत्याराला) त्याची व्हॅल्यू विचारली, की तो म्हणतो असं काही नाहीच. नाशिकमध्ये कॉलेजच्या लॅबमध्ये सी शिकणारे असोत की अंबड-सातपूरला नुकतेच नोकरीला लागलेले, इथे सगळेच एकदा अडकतात. मग बरेच जण डीबगर बंद करून जागोजागी प्रिंटएफ पेरायला लागतात. प्रिंटएफशी माझं भांडण नाही. पण या अडचणीची कारणं मोजकीच असतात आणि योग्य क्रमाने बघितलं तर बहुतेक वेळा चहा गार व्हायच्या आत सापडतात.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की शेतकऱ्याला हिशोबपट्टी मिळते. आपला प्रोग्रॅम ती पट्टी काढतो. ‘मेन’ फंक्शन एकेका ट्रॅक्टरचं वजन आणि भाव विचारतं आणि ‘पट्टी_काढ’ या फंक्शनला देतं. ते फंक्शन वजन गुणिले भाव करून ‘एकूण’ काढतं, हमाली-तोलाई धरून ‘कपात’ काढतं आणि उरलेली रक्कम परत पाठवतं. २३.४० क्विंटल कांदा १८५० रुपयांनी गेला तर ‘एकूण’ ४३,२९० यायला हवं. ते तसं येतंय का, एवढंच आपल्याला डीबगरमध्ये बघायचंय.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. या लेखात कमांड आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत टाका. ‘-जी’ म्हणजे आडवी रेघ आणि तिला चिकटून लहान लिपीतला जी. ‘-ओ०’ म्हणजे आडवी रेघ, मोठा ओ आणि शून्य. या शेवटच्या दोघांची अदलाबदल फार होते.

डीबगरला मुळात काय ठाऊक असतं

कंपायलर कोडचं मशीन कोड करतो तेव्हा ‘एकूण’ हे नाव त्यात उरत नाही. उरते ती स्टॅकवरची (मेमरीतली) किंवा रजिस्टरमधली (प्रोसेसरच्या आतली) जागा. कुठल्या नावाची जागा कोणती, तिचा टाइप काय आणि ते नाव कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत लागू, ही नोंद वेगळी ठेवावी लागते. लिनक्सवर ती बायनरीतच (कंपाइल होऊन तयार झालेल्या, चालवायच्या फाइलीत) ड्वॉर्फ नावाच्या स्वरूपात ठेवतात, आणि कंपायलर ती सांगितल्याशिवाय ठेवत नाही.

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला. ती मूर्ती तिथे नसती तरी पाणी तेवढंच आलं असतं, फक्त किती आलं हे सांगता आलं नसतं. या नोंदीचं, म्हणजे डीबग माहितीचंही तसंच. ती नसली तरी प्रोग्रॅम बरोबर चालतो, ‘एकूण’ मेमरीत असतंही, पण डीबगरला ते मोजायला खूण नसते.

त्यामुळे डीबगर ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं इतकंच असतं: मी आत्ता जी बायनरी धरली आहे, त्यातल्या ज्या फंक्शनमध्ये ज्या जागी थांबलो आहे, तिथे या नावाची नोंद मला सापडत नाही. या वाक्याचे जेवढे तुकडे पडतात तेवढ्याच जागा तपासायच्या.

पायरी १: संदेश अक्षर न् अक्षर वाचा

नवखे लोक ‘एरर आला’ एवढंच सांगतात. कोणता आला ते सांगत नाहीत, आणि अर्धं निदान तर तिथेच असतं. जीडीबी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला डीबगर. त्याचे संदेश तुटक आहेत, पण अचूक आहेत.

‘नो सिम्बॉल टेबल इज लोडेड’ असं आलं, तर त्याच्याकडे कुठलीच नोंद नाही. एक तर तुम्ही बायनरी न देता नुसता जीडीबी उघडलाय, किंवा बायनरीत डीबग माहितीच नाही. पुढे तो ‘फाइल’ कमांड वापरा असंही सुचवतो आणि लोक फसतात ते याच सल्ल्यात. माहिती नसलेली बायनरी ‘फाइल’ कमांडने कितीदाही लोड केली तरी तिच्यात माहिती येणार कुठून?

‘नो सिम्बॉल एकूण इन करंट कॉन्टेक्स्ट’ असं आलं, तर नोंदी आहेत, पण या जागी हे नाव लागू नाही. एक गोम लक्षात ठेवा. तुमच्या प्रोग्रॅमची माहिती नसली पण एखाद्या सिस्टिम लायब्ररीची लोड झालेली असली, तरी हाच संदेश दिसू शकतो. म्हणून पायरी २ कुणीच टाळू नये.

‘हॅज अननोन टाइप, कास्ट इट टु इट्स डिक्लेअर्ड टाइप’ हा ग्लोबल व्हेरिएबलबाबत येतो. नाव आणि पत्ता आहे, टाइप माहीत नाही. म्हणजे पुन्हा डीबग माहितीचाच अभाव. तात्पुरतं काम भागवायचं तर प्रिंट करताना नावाआधी कंसात टाइप लिहा, व्हॅल्यू मिळेल.

टोकदार कंसात ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ आलं तर सरळ पायरी ४ वर जा. ‘कॅनॉट ॲक्सेस मेमरी’ आलं तर मात्र हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे डीबगरला व्हेरिएबल ओळखता आलंय, तुमचा पॉइंटरच भलतीकडे बोट दाखवतोय.

पायरी २: बायनरीत माहिती आहे का

जीडीबी सुरू होताना ‘रीडिंग सिम्बॉल्स फ्रॉम’ अशी ओळ छापतो. तिच्यापाठोपाठ ‘नो डीबगिंग सिम्बॉल्स फाउंड’ दिसलं की शोध संपला. ही ओळ वर सरकून निघून जाते आणि कुणी बघतच नाही. दुसरी खूण चालताना दिसते: ‘नेक्स्ट’ दिल्यावर एक ओळ पुढे जाण्याऐवजी ‘सिंगल स्टेपिंग अंटिल एक्झिट फ्रॉम फंक्शन मेन, विच हॅज नो लाइन नंबर इन्फर्मेशन’ असं सांगून प्रोग्रॅम शेवटापर्यंत धावतो.

जीडीबी न उघडताही कळतं. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘फाइल’ आणि पुढे बायनरीचं नाव द्या. उत्तरात ‘विथ डीबग_इन्फो’ हवं. नुसतं ‘नॉट स्ट्रिप्ड’ असेल तर समाधान मानू नका. त्याचा अर्थ फंक्शन आणि ग्लोबलची नावं शाबूत आहेत एवढाच. लोकल व्हेरिएबलची नोंद त्यात येत नाही. म्हणूनच ‘मेन’वर ब्रेकपॉइंट लागतो आणि आतलं ‘एकूण’ मात्र सापडत नाही, असा गोंधळात टाकणारा प्रकार होतो.

उपाय सोपा: जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला ‘-जी’ (डीबग माहिती ठेव) आणि ‘-ओ०’ (ऑप्टिमाइझ करू नको) देऊन पुन्हा कंपाइल करा. पण ‘पुन्हा’ म्हणजे खरोखर पुन्हा, आणि खरी मेख तिथेच आहे.

प्रोजेक्ट एकाहून जास्त फाइलींचा असेल तर प्रत्येक फाइल कंपाइल होताना ‘-जी’ लागतो. फक्त शेवटच्या लिंक करण्याच्या ओळीत तो घातला तर काही उपयोग होत नाही, कारण ऑब्जेक्ट फाइलीत (एकेका सी फाइलपासून बनलेल्या मशीन कोडच्या फाइलीत) नोंदच नसेल तर लिंकर काय जोडणार? ‘मेन’ची व्हेरिएबल दिसतात आणि हिशोबाच्या फाइलमधली दिसत नाहीत, असं झालं की संशय इथेच घ्या. उलट, लिंकच्या ओळीत कुणी ‘-एस’ घालून ठेवला असेल किंवा शेवटी ‘स्ट्रिप’ कमांड चालत असेल, तर आधी केलेलं सगळं पुसलं जातं.

बिल्ड करायला मेक वापरत असाल तर आणखी एक सापळा. मेक फाइलींच्या वेळा बघतो, फ्लॅग (कंपायलरला दिलेल्या ‘-जी’सारख्या सूचना) बघत नाही. मेकफाइलमध्ये ‘-जी’ घातला पण एकही सी फाइल बदलली नाही, तर तो ‘सगळं ताजंच आहे’ म्हणून गप्प बसतो. आधी ‘मेक क्लीन’, मग ‘मेक’. सीफ्लॅग्ज (या फ्लॅगची यादी) कमांडलाइनवरून देणार असाल तर लक्षात घ्या, मेकफाइलमधलं सीफ्लॅग्ज त्याने पूर्ण बदललं जातं, त्यात भर पडत नाही. तिथे हेडरचे पाथ लिहिलेले असतील तर तेही गेले.

मेकफाइल आपोआप बनवणाऱ्या सीमेकमध्ये बिल्ड टाइप दिलाच नाही तर मेक किंवा निंजाच्या बिल्डमध्ये सीमेक आपणहून ‘-जी’ घालत नाही. बिल्ड टाइप ‘डीबग’ द्या. ‘रिलीज’ आणि ‘डीबग’ यांची फोल्डर वेगळी ठेवा, नाहीतर आपण कोणती बायनरी चालवतोय हे आठवडाभराने तुम्हालाच सांगता येणार नाही.

यावरूनच पुढचं: जी बायनरी बांधली तीच डीबगरने धरली आहे ना? जीडीबीत ‘इन्फो इन्फीरियर्स’ दिलं की पूर्ण पाथ दिसतो. ‘सोर्स फाइल इज मोअर रीसेंट दॅन एक्झिक्यूटेबल’ असा इशारा आला तर कोड बदलून तुम्ही बिल्ड करायला विसरला आहात. आज दुपारी जोडलेलं व्हेरिएबल काल संध्याकाळच्या जुन्या बायनरीत शोधणं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त घडतो.

पायरी ३: तुम्ही थांबला आहात कुठे

माहिती आहे, बायनरी तीच आहे, तरीही ‘करंट कॉन्टेक्स्ट’ची तक्रार येतेय. आता प्रश्न जागेचा आहे.

नेहमीचा प्रसंग बघा. प्रोग्रॅम वजन विचारून थांबलाय, म्हणजे ‘स्कॅनएफ’मध्ये आहे. तुम्ही कंट्रोल-सी दाबलं आणि ‘प्रिंट वजन’ विचारलं. उत्तर: नो सिम्बॉल. कारण या क्षणी प्रोग्रॅम तुमच्या ‘मेन’मध्ये नाही, सी लायब्ररीच्या पोटात कुठेतरी ‘रीड’मध्ये बसलाय, आणि तिथे वजन नावाचं काही नाही. ‘बीटी’ टाइप करा. फंक्शनची उतरंड दिसेल: सगळ्यात वर लायब्ररीची दोन-चार फंक्शन, खाली कुठेतरी तुमचं ‘मेन’. त्या ओळीच्या सुरुवातीचा आकडा बघून ‘फ्रेम’ आणि तो आकडा द्या. आता ‘प्रिंट वजन’ विचारा, उत्तर येतं. एकेक पायरीने ‘मेन’कडे जायचं असेल तर ‘अप’, परत लायब्ररीकडे यायचं असेल तर ‘डाउन’. ‘असर्ट’ फसून किंवा ‘ॲबॉर्ट’ होऊन प्रोग्रॅम पडतो तेव्हाही हेच करायचं. मला एकच कमांड शिकवायला सांगितली तर मी ‘बीटी’ शिकवीन, ‘प्रिंट’ नंतर.

हेच ‘पट्टी_काढ’मध्ये थांबून ‘मेन’मधलं व्हेरिएबल विचारलं तरी होतं. पट्टी काढणाऱ्या फंक्शनला ‘मेन’मधला ट्रॅक्टरचा क्रमांक ठाऊक नाही, त्याला फक्त दोन आकडे मिळालेत. ‘अप’ करा आणि विचारा. थ्रेड असतील तर आधी ‘इन्फो थ्रेड्स’ बघून योग्य थ्रेडवर जा, मग फ्रेम.

आता ब्लॉक. फॉर लूपच्या कंसातच ‘इंट’ लिहून काउंटर घोषित केला असेल तर लूप संपल्यावर ते नाव संपतं. लूपच्या खालच्या ओळीवर थांबून काउंटर विचारला तर डीबगर नाही म्हणतो, आणि तो बरोबर असतो. त्याच ओळीवर तुम्ही कोडमध्ये तो वापरला असता तर कंपायलरनेही हेच सांगितलं असतं. आतल्या ब्लॉकमध्ये त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल असेल तर ‘प्रिंट’ आतलं दाखवतो. बाहेरचं ‘एकूण’ ४३,२९० असताना तुम्हाला शून्य दिसेल आणि डोकं फिरेल. ‘इन्फो लोकल्स’ दिलं की दोन्ही दिसतात, आतलं आधी. फंक्शनला मिळालेले आकडे या यादीत नसतात, त्यांच्यासाठी ‘इन्फो आर्ग्ज’.

खरं तर कुठलंही नाव सापडत नसेल तर ‘प्रिंट’शी झटापट करण्याआधी ‘इन्फो लोकल्स’च द्या. इथे या क्षणी डीबगरला काय काय माहीत आहे, ते तो स्वतःच सांगतो. नावातली लहान-मोठी अक्षरं चुकली असतील तर तीही लगेच कळतात.

ओळख पटली पण व्हॅल्यू कचरा, म्हणजे ‘एकूण’मध्ये ३२ हजार काहीतरी किंवा भलामोठा उणे आकडा, असं असेल तर घाबरू नका. ब्रेकपॉइंटवर थांबलेली ओळ अजून चाललेली नसते. बेरीज-गुणाकाराच्या ओळीवर थांबला असाल तर गुणाकार व्हायचाय. ‘नेक्स्ट’ द्या, मग विचारा.

आणखी एक जागा पटकन सांगतो. हमालीचा दर ‘हॅश डिफाइन’ने लिहिला असेल तर तो व्हेरिएबल नाहीच. कंपायलरच्या आधीच प्रीप्रोसेसरने त्याच्या जागी आकडा ठेवलेला असतो, आणि साध्या ‘-जी’मध्ये मॅक्रोंची नोंद होत नाही. ‘-जी३’ देऊन कंपाइल केलं तर मॅक्रोही विचारता येतो. दुसऱ्या फाइलमधलं ‘स्टॅटिक’ ग्लोबल हवं असेल तर फाइलचं नाव एकेरी अवतरणात, मग दोनदा विसर्गासारखी खूण म्हणजे जोड-कोलन, मग व्हेरिएबलचं नाव. सी प्लस प्लसमध्ये नेमस्पेस असेल तर तिचंही नाव आधी जोड-कोलनसह द्या.

पायरी ४: ऑप्टिमायझरने गिळलं असेल तर

‘-ओ२’ने, म्हणजे वेगासाठी कोडची फेररचना करायला सांगून, कंपाइल केलं की कंपायलरला तुमच्या नावांशी देणंघेणं राहत नाही. ‘कपात’ एकदाच वापरली जात असेल तर तो ती वेगळी साठवणार नाही, सरळ वजाबाकीत मिसळून टाकेल. ‘पट्टी_काढ’ हे फंक्शनच ‘मेन’मध्ये उलगडून टाकेल. व्हेरिएबल काही ओळींपुरतं रजिस्टरमध्ये असेल, नंतर तेच रजिस्टर दुसऱ्या कामाला जाईल. म्हणून दोन ओळी आधी दिसणारी व्हॅल्यू आता ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ होते, आणि ‘नेक्स्ट’ देताना कर्सर वर-खाली उड्या मारतो.

बायनरी कोणत्या फ्लॅगने बनली ते आठवत नसेल तर जीडीबीत ‘इन्फो सोर्स’ द्या. जीसीसीने बनवलेली असेल तर ‘प्रोड्यूसर’ने सुरू होणाऱ्या ओळीत कंपायलरची आवृत्ती आणि फ्लॅग लिहिलेले असतात. मेकफाइल दुसऱ्या कुणाची असेल, तर मी तिच्यापेक्षा या ओळीवर जास्त विश्वास ठेवतो.

शिकताना ‘-ओ०’च ठेवा. जीसीसी ४.८ पासून ‘-ओजी’ नावाचा मधला पर्यायही आहे. तो डीबगिंगला फार न बिघडवता थोडं ऑप्टिमाइझ करतो, पण त्यातही अधूनमधून व्हेरिएबल गायब होतात. चूक ‘-ओ२’मध्येच दिसते आणि ‘-ओ०’मध्ये नाहीशी होते असं असेल, तर बहुधा कुठेतरी व्हॅल्यू न देताच व्हेरिएबल वापरलंय किंवा ॲरेच्या बाहेर लिहिलंय. तेव्हा ‘-वॉल’ देऊन इशारे वाचा, आणि ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ देऊन एकदा चालवा. ॲरेबाहेरचं लिहिणं त्यात पकडलं जातं.

‘-ओ२’ सोडताच येत नसेल तर त्या एका व्हेरिएबलच्या घोषणेत तात्पुरतं ‘व्होलाटाइल’ लिहा, म्हणजे कंपायलरला ते मेमरीत ठेवावंच लागतं. काम झालं की काढायला विसरू नका.

पायरी ५: हत्यारांचं आपसात जमतंय का

ही पायरी शेवटी, कारण इथपर्यंत फार थोडे येतात.

जीसीसी ११ पासून डीबग माहिती ड्वॉर्फच्या पाचव्या आवृत्तीत लिहिली जाते. लॅबमधला जीडीबी जुना असेल तर तो ‘ड्वॉर्फ एरर: राँग व्हर्जन’ अशी तक्रार करतो. जीडीबी नवा घ्या. ते हातात नसेल तर ‘-जीड्वॉर्फ-४’ देऊन कंपाइल करा.

विंडोजवर दोन वेगळी जगं आहेत. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर माहिती पीडीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि जीडीबीला ती वाचता येत नाही. मिनजीडब्ल्यूचा जीसीसी ड्वॉर्फ लिहितो, ते व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबगरला कळत नाही. व्हीएस कोडमध्ये एकाचा कंपायलर आणि दुसऱ्याचा डीबगर अशी जोडी जमवलेली असली की ब्रेकपॉइंट पोकळ-राखाडी दिसतात आणि व्हेरिएबल काही दिसत नाहीत. ‘लाँच’च्या फाइलमध्ये डीबगरचा प्रकार आणि ‘प्रोग्रॅम’पुढचा पाथ दोन्ही बघा. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये वरच्या पट्टीत ‘रिलीज’ आहे का ते बघा, आणि डीबगिंग चालू असताना ‘मॉड्यूल्स’ खिडकीत तुमच्या प्रोग्रॅमपुढे सिम्बॉल लोड झाले असं लिहिलंय का ते तपासा. कोड ब्लॉक्समध्ये सुटी सी फाइल उघडून डीबगर चालत नाही, आधी प्रोजेक्ट बनवावा लागतो.

मॅकवर डीबग माहिती मूळ ऑब्जेक्ट फाइलींतच राहते. जागा वाचवायला त्या उडवल्या तर एलएलडीबी या तिथल्या डीबगरला व्हेरिएबल सापडत नाहीत.

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत मायक्रोकंट्रोलरच्या कामाला लागलेल्यांसाठी: बोर्डवर हेक्स किंवा बिन फाइल चढवत असाल तर चढवा, पण जीडीबीला ईएलएफ फाइल (नावांच्या नोंदींसकट असलेली बायनरी) द्या. हेक्स आणि बिनमध्ये नावांची नोंद नसते. आणि ईएलएफ त्याच बिल्डची हवी, मागच्या आठवड्याची नको.

जावावाल्यांनाही थोडं. जावाचा कंपायलर जावासी मुळात ओळींचे क्रमांक लिहितो, लोकल व्हेरिएबलची नावं लिहीत नाही. जेडीबी या जावाच्या डीबगरने ‘लोकल व्हेरिएबल इन्फर्मेशन नॉट अव्हेलेबल’ म्हटलं तर तिथेही ‘-जी’ देऊन कंपाइल करा.

एवढं करूनही अडलं तर कुणाला तरी विचारायला लागेल. विचारताना स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, मजकूर कॉपी करा. कंपाइलची पूर्ण कमांड, जीसीसी आणि जीडीबीची आवृत्ती, ‘फाइल’ कमांडचं उत्तर, ‘इन्फो सोर्स’मधली प्रोड्यूसरची ओळ, ‘बीटी’ आणि ‘इन्फो लोकल्स’चं उत्तर, आणि संदेश जसा आला तसा. कोड लांब असेल तर फक्त ‘पट्टी_काढ’ आणि एका ट्रॅक्टरपुरतं ‘मेन’ ठेवून तेवढंच कंपाइल करून बघा आणि तेच पाठवा.